ध्रुवीय हिमाच्या नोंदी आणि त्यांच्यापर्यंत जाणारी वाट



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानमालेत ध्रुवप्रदेशातील बर्फावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. बर्फाच्या शास्त्रात माझा अधिकार नाही आणि तसा आव मी आणणार नाही. माझा विषय बर्फाहून किंचित वेगळा आहे. कृत्रिम उपग्रहांनी गेल्या सहा दशकांत ध्रुवीय हिमाच्या ज्या नोंदी घेतल्या, त्या अभ्यासकाच्या हाती कशा येतात, कोठे अडतात आणि ती वाट सुकर व्हावी म्हणून काय केले गेले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

साधन अस्तित्वात असूनही हाती येत नसेल, तर ते नसल्यासारखेच असते, हे जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला पुरते ठाऊक असते. आपल्या गोव्याचेच उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली येथे छापले गेले आणि सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे, आणि त्यांतील एक महत्त्वाचे देवनागरी हस्तलिखित आढळले ते थेट लंडनच्या मार्सडेन संग्रहात. जे कागदाचे, तेच उपग्रहाने घेतलेल्या नोंदींचेही होऊ शकते, हे आजच्या विवेचनाचे सूत्र समजावे. इंग्रजीत ज्याला ‘डेटा’ म्हणतात, त्याला मी येथे ‘नोंदी’ हाच साधा शब्द वापरणार आहे.

नोंद कशाची आणि कशी?

ध्रुवप्रदेशात वर्षातील कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, आणि उगवतो तेव्हाही आभाळ बहुधा ढगांनी झाकलेले असते. त्यामुळे आकाशातून घेतलेल्या साध्या छायाचित्राचा तेथे मर्यादित उपयोग होतो. या अडचणीतून वाट काढली ती सूक्ष्मलहरींनी, म्हणजे मायक्रोवेव्हनी. प्रत्येक पदार्थ आपल्या घडणीनुसार व तपमानानुसार अशा लहरी सतत बाहेर टाकीत असतो. खुल्या समुद्राचे पाणी त्या कमी टाकते, तर समुद्रावर गोठलेला बर्फ पुष्कळ अधिक. हा फरक ढगांतून आणि अंधारातूनही टिपता येतो. म्हणून सहा महिन्यांच्या रात्रीतही बर्फ कोठवर पसरला आहे, हे उपग्रहाला ‘दिसते’.

डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या निंबस-५ या अमेरिकन उपग्रहावर असे उपकरण होते. त्याने १९७४, १९७५ आणि १९७६ या तिन्ही हिवाळ्यांत अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात एक चमत्कारिक दृश्य टिपले. चोहोबाजूंनी बर्फ असताना मध्येच सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरांचे पाणी खुले राहिले होते. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे त्या खिंडारात साठाहून अधिक गोवे मावले असते. तसे दृश्य लहान प्रमाणात पुन्हा दिसले ते २०१६ व २०१७ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांची अखंड नोंद नसती, तर ही घटना विरळा आहे की नेहमीची, हे सांगता आले नसते.

अशी अखंड नोंद सुरू झाली ती ऑक्टोबर १९७८ मध्ये निंबस-७ अवकाशात गेल्यावर. १९८७ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांनी ती पुढे चालविली. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सुमारे २५ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन कल्पून, ज्या चौकोनात निदान १५ टक्के बर्फ आहे तो बर्फाच्छादित मानावयाचा, असा हिशेब रूढ आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवीय समुद्रावरील बर्फाचा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरांपर्यंत घटला. सप्टेंबर २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ हिवाळ्याच्या ऐन भरातही १७० लाखांच्या आतच थांबला. या दोन्ही नीचांकांना अर्थ आहे तो या नोंदमालेमुळे.

तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. ग्लासातील बर्फ विरघळल्याने पाणी सांडत नाही, तसेच. पातळी वाढते ती जमिनीवरील हिमचादरी झिजल्यामुळे. त्यांची उंची, वजन आणि वाहण्याची गती मोजणारे उपग्रह वेगळे आहेत. मांडवी-झुवारीच्या काठी राहणाऱ्या आपणांस या दुसऱ्या प्रकारच्या नोंदींची काळजी अधिक असावी.

पहिली अडचण : किंमत आणि गुप्तता

नोंद झाली म्हणजे ती अभ्यासकाला मिळाली, असे नव्हे. लँडसॅट या उपग्रहमालेचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये सुटला. १९८४ मध्ये अमेरिकेने कायदा करून ही चित्रे विकण्याचे काम खाजगी क्षेत्राकडे सोपविले आणि एका चित्राची किंमत ४,००० डॉलरांच्या वर गेली. हिमनद्यांचा अभ्यास करावयाचा तर एकाच जागेची अनेक वर्षांची अनेक चित्रे लागतात. ती विकत घेणे श्रीमंत विद्यापीठांनाही जड होते; आपल्याकडील अभ्यासकाची कथा काय सांगावी? १९९२ च्या नव्या कायद्याने धोरण बदलले, किंमत पुढे ६०० डॉलरांवर आली, आणि २००८ मध्ये सर्व जुनी-नवी चित्रे विनामूल्य खुली झाली. ज्या भांडारातून दिवसाला शंभर चित्रेही खपत नसत, तेथून वर्षाला दहा लाखांहून अधिक चित्रे जाऊ लागली. चित्रे तीच, उपग्रह तेच. फक्त दार उघडले होते. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांनी २०१४ पासून आरंभीच मुक्त धोरण स्वीकारले. जपानी उपकरण ॲस्टर हिमनद्यांच्या जागतिक यादीसाठी पुष्कळ वापरले जाते. त्याची चित्रेही एप्रिल २०१६ पासून सर्वांना मोफत झाली.

दुसरे कुलूप गुप्ततेचे होते. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी फिल्मवर चित्रे घेतली. फिल्मची पेटी हवाई छत्रीने खाली येई आणि विमान ती वरच्या वर झेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने अशी आठ लाखांहून अधिक चित्रे खुली झाली. त्यांपैकी १९६३ सालच्या चित्रांशी नवी चित्रे ताडून, पश्चिम अंटार्क्टिकातील हिमप्रवाह तीन दशकांत कसे बदलले, याचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ती चित्रे घेतली, त्यांच्या मनात हिमनद्या नव्हत्या. साधनाचा खरा उपयोग कोणता होईल, हे ते साठविणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. इतिहासाचार्य राजवाडे घरोघरचे कागद गोळा करीत हिंडले, त्या कागदांत देण्याघेण्याच्या याद्याही होत्या. आज त्यांवरून आर्थिक इतिहास लिहिला जातो.

दुसरी अडचण : डब्यांत पडून राहिलेल्या फिती

१९६४ च्या ऑगस्टमध्ये निंबस-१ हा उपग्रह सुटला आणि जेमतेम महिनाभर चालला. त्याची चित्रे फिल्मवर उतरवून नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल येथील सरकारी संग्रहात ठेवली गेली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. मोडी वाचणारा नसला की दप्तर जसे मुके होते, तशीच ती होती. पुढे कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील ‘नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर’ या केंद्रातील अभ्यासकांनी ती फिल्म एकेक चौकट करून संगणकात उतरविली. प्रत्येक चित्र कोणत्या अक्षांश-रेखांशांचे आहे, याचा हिशेब नव्याने मांडला आणि बर्फाची कड हाताने रेखिली. सप्टेंबर १९६४ मध्ये अंटार्क्टिकाभोवती सुमारे १९७ लाख चौरस किलोमीटर बर्फ होता, तर ऑगस्ट १९६६ मध्ये तो १५९ लाखांच्या आसपासच होता, असे त्यातून निघाले. १९७८ पासूनची नोंदमाला पाहणाऱ्याला एवढ्या चढउताराची कल्पना येणे शक्य नव्हते. नवा उपग्रह न सोडता, केवळ जुने डबे उघडून, हे ज्ञान मिळाले.

या बोल्डर केंद्राची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जगभरच्या नोंदी जपण्यासाठी जागतिक केंद्रे स्थापन झाली. अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध ऐन भरात असतानाही दोन्हीकडे केंद्रे असावीत आणि नोंदींच्या प्रती एकमेकांना द्याव्यात, असे ठरले. एका ठिकाणी नाश झाला तरी दुसरीकडे प्रत राहावी, हा विचार पोथीच्या नकला करून ठेवणाऱ्या आपल्या मठांच्या रीतीहून निराळा नाही. त्यांपैकी हिमनद्यांविषयीचे अमेरिकेतील केंद्र १९७६ मध्ये बोल्डरला आले आणि १९८२ मध्ये आजचे केंद्र रूपास आले. ध्रुवीय हिमाच्या नोंदींचे जगातील एक प्रमुख भांडार म्हणून ते ओळखले जाते.

तिसरी अडचण : पाठभेद

उपग्रह आपल्याला ‘बर्फ’ पाठवीत नाही. तो लहरींच्या तीव्रतेचे आकडे पाठवितो. त्या आकड्यांवरून बर्फाचे प्रमाण काढण्याच्या गणिती रीती एकाहून अधिक आहेत आणि त्या वेळोवेळी सुधारल्या जातात. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली तळी उपकरणाला पाण्यासारखीच भासतात. एक उपग्रह निकामी होऊन दुसरा आला, की दोघांची मापे जुळवावी लागतात. १९८७ मध्ये असा बदल झाला, तेव्हा दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालू असल्याचा काळ अवघ्या काही आठवड्यांचा होता. एकाच नोंदमालेचे अनेक ‘पाठ’ तयार होतात ते असे.

याचा परिणाम केवढा होतो, ते पाहा. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ अगदी किंचित वाढत आहे, असे हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ सालच्या अहवालात म्हटले होते. २०१३ सालच्या अहवालात मात्र ही वाढ ठळक असल्याचे आले. आयझेनमन, मायर आणि नॉरिस या तीन अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, या फरकाचा मोठा भाग बर्फात नव्हता, हिशेबात होता. डिसेंबर १९९१ मध्ये एका उपग्रहाची जागा दुसऱ्याने घेतली, त्या सांध्याची जुळणी नोंदमालेच्या नव्या पाठात बदलली होती, आणि त्या बदलाची दखल कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. जुना पाठ आणि नवा पाठ दोन्ही उपलब्ध होते, म्हणूनच हे उघडकीस आले. नवा आला म्हणून जुना पुसून टाकला असता, तर प्रश्नच विचारता आला नसता.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून नाथांनी शके १५०६ मध्ये त्या शोधून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक चालली. चिकित्सक आवृत्तीचा संपादक आपला पाठ वर देतो आणि टाकलेले पाठ तळटीपेत जपतो. उपग्रहाच्या नोंदींनाही हीच शिस्त हवी. पोथीच्या शेवटी जशी पुष्पिका असते आणि तीत नकल कोणी केली, केव्हा केली, कशावरून केली ते सांगितलेले असते, तशी माहिती प्रत्येक नोंदमालेसोबत असावी लागते. उपकरण कोणते, रीत कोणती, आवृत्ती कितवी, कोणत्या दिवसांच्या नोंदी गहाळ आहेत, हे सारे तीत येते. अभ्यासकाला वाट मोकळी करून देणे म्हणजे केवळ फुकट देणे नव्हे; जे दिले ते काय आहे, हे प्रामाणिकपणे सांगणेही त्यात येते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत, आणि त्यावाचून बाकीचे सर्व व्यर्थ आहे.

चौथी अडचण : नोंदींचा महापूर

पूर्वी नोंदी थोड्या म्हणून अडत असे. आता त्या फार म्हणून अडते. सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला आइससॅट-२ हा उपग्रह सुमारे ५०० किलोमीटरांवरून दर सेकंदाला हिरव्या लेसर किरणाचे १०,००० स्पंद खाली सोडतो आणि प्रत्येक स्पंदाचे सहा झोत होतात. परतून आलेल्या प्रकाशकणांना लागलेल्या वेळावरून बर्फाची उंची मिळते. ही मोजणी मार्गावर दर सुमारे ७० सेंटिमीटरांवर होत राहते. एवढ्या नोंदी आपल्या संगणकात उतरवून घेणे लहान महाविद्यालयाला अशक्य आहे.

यावर उपाय निघाला तो असा की, ग्रंथ घरी आणण्याऐवजी वाचकानेच ग्रंथालयात जावे. नोंदी मोठ्या सामायिक संगणक-भांडारांत ठेवावयाच्या आणि अभ्यासकाने आपला हिशेब तेथेच चालवावयाचा. नकाशावर जागा निवडली की तेथील उंचीची रेषा लगेच दाखविणारी ‘ओपनऑल्टिमेट्री’सारखी साधनेही तयार झाली. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये तरुण अभ्यासकांना आठवडाभर एकत्र बसवून या नोंदी वापरण्याचे शिक्षण दिले आणि त्यातून निर्माण झालेली साधने सर्वांसाठी खुली ठेवली. दार उघडे असले तरी आत वाट दाखविणारा कोणी असावा लागतो.

पाचवी अडचण : खंड

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नोंदमालेचे मोल तिच्या अखंडतेत असते, आणि ती अखंडता किती थोड्या धाग्यांवर अवलंबून आहे, हे २०२५ साली सर्वांना दिसले. त्या वर्षीच्या मे महिन्यात बोल्डर केंद्राने जाहीर केले की, अमेरिकेच्या सागर व हवामान प्रशासनाकडून मिळणारा आधार कमी होत असल्याने काही नोंदमालांची देखभाल पूर्वीसारखी होणार नाही. जूनमध्ये संरक्षण खात्याने आपल्या हवामान-उपग्रहांवरील सूक्ष्मलहरींच्या नोंदी त्याच महिन्याच्या अखेरीस देणे थांबविण्याचे घोषित केले. ती मुदत प्रथम महिनाभर वाढली, आणि जुलैअखेर सांगण्यात आले की सप्टेंबर २०२६ पर्यंत नोंदी मिळत राहतील. दरम्यान केंद्राने जपानच्या २०१२ पासून फिरणाऱ्या उपग्रहावरील ॲमसर-२ या उपकरणाकडे वळण्याची तयारी चालविली. जून २०२५ मध्ये जपानने त्याच घराण्यातील नवे उपकरणही अवकाशात पाठविले.

म्हणजे माळ तुटली नाही. परंतु साडेचार दशकांहून अधिक काळ जपलेली नोंद एका खात्याच्या एका पत्राने संकटात येऊ शकते, एवढे त्यातून स्पष्ट झाले. तुटलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही. हरवलेल्या पोथीची दुसरी प्रत कोठे तरी सापडण्याची आशा असते. न घेतलेल्या नोंदीची प्रत कोठेच नसते.

आपला संबंध

हा सारा दूरदेशीचा व्यवहार आहे, असे कोणी समजू नये. हिमालयातील हिमवृष्टी आणि आपला पाऊस यांचा संबंध भारतीय हवामान खात्याचे हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच मांडला होता. अमेरिकेत १९६६ पासून उपग्रहचित्रांवरून हिमाच्छादनाचे साप्ताहिक नकाशे तयार होऊ लागले. त्यांच्या आधारे हान आणि आपले जगदीश शुक्ल यांनी १९७६ मध्ये दाखविले की, युरोप-आशियावर हिवाळ्यात हिम अधिक पसरले, तर पुढील मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल दिसतो. हा संबंध सर्व काळ सारखाच टिकत नाही, असे पुढील अभ्यासांत आढळले. पण तेही कळले ते नोंदमाला लांबत गेली म्हणूनच.

आणि आपल्या गोव्याचा संबंध तर अगदी जवळचा आहे. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. वास्कोजवळ हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ मध्ये वेगळ्या नावाने ते सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ध्रुवीय नोंदी जपण्याचे स्वतंत्र दालनही तेथे आहे. अंटार्क्टिकात २०१२ मध्ये उभारलेल्या ‘भारती’ या तळावर उपग्रहांचे संदेश घेणारी यंत्रणा आहे. ध्रुवावरून जाणारे उपग्रह प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातात, म्हणून तेथील केंद्राला ते दिवसातून अनेक वेळा भेटतात. तेथे घेतलेल्या नोंदी हैदराबादजवळच्या शादनगर येथे पाठविल्या जातात.

धोरणातही बदल झाला आहे. सरकारी उपग्रहांची पाच मीटर वा त्याहून स्थूल तपशिलाची चित्रे मुक्तपणे मिळावीत, असे भारताच्या २०२३ च्या अवकाश धोरणात म्हटले आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटलेला भारत-अमेरिकेचा निसार हा उपग्रह १२ दिवसांच्या फेऱ्यांनी भूपृष्ठाची हालचाल मोजण्यासाठी आहे. अंटार्क्टिका अधिक चांगले दिसावे म्हणून त्याची दृष्टी मुद्दाम डाव्या बाजूला ठेवलेली आहे, आणि त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवण्याचे धोरण आहे.

समारोप

सारांश असा की, साधनांची वाट एका कुलपाने बंद होत नाही आणि एका किल्लीने उघडत नाही. किंमत, गुप्तता, जीर्णता, दुर्बोधता, विपुलता आणि खंड अशी तिच्यावरील विघ्ने आहेत. पहिली दोन कायद्याने दूर होतात. उरलेली मात्र केवळ माणसांच्या चिकाटीने.

मला आणखी एका कुलपाचा उल्लेख केला पाहिजे, आणि ते भाषेचे आहे. या नोंदी कोणालाही मोफत मिळतात. पण त्या काय आहेत, हे मराठीतून सांगणारे लेखन फार थोडे आहे. मराठी माध्यमातील मुलगा वा मुलगी त्या दारापर्यंत पोहोचून परत फिरते, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. दारावरील पाटी वाचता येत नाही म्हणून. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, शास्त्रज्ञ आहेत, शिक्षक तर पुष्कळच आहेत. त्यांना माझी एक सूचना आहे. समुद्री बर्फाच्या विस्ताराचे दैनिक आकडे कोणालाही मिळतात. शाळेच्या भूगोलाच्या दालनात एक मोठा आलेख लावावा, दर सोमवारी एका विद्यार्थ्याने त्यावर दोन्ही ध्रुवांचा एकेक बिंदू मांडावा, आणि खाली आकडा कोठून घेतला, कोणत्या तारखेचा, कोणत्या आवृत्तीचा, ते आपल्या अक्षरात मराठीत लिहावे. दहा वर्षांत शाळेची स्वतःची नोंदमाला तयार होईल. बिंदू मांडणाऱ्यांपैकी एखादा पुढे हेडलँड सड्यावरील केंद्रात जाईल, एखादी भारती तळावर जाईल; बाकीच्यांना निदान नोंद म्हणजे काय आणि ती का जपावयाची, हे कळलेले असेल.